गोळी न झाडणारा हवालदार

रमजान सुरू झाला की आपल्या मारेगावातली हिंदू मित्रमंडळी दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात. दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा नाही का? नाही, असे उत्तर दिले की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आणि कौतुक दोन्ही दिसते. पण खरे सांगायचे तर पोटाचा रोजा त्या मानाने सोपा. सहेरीला उठायचे, मगरिबपर्यंत थांबायचे, खजुराने रोजा सोडायचा. अवघड असतो तो जिभेचा, डोळ्यांचा आणि हाताचा रोजा. जिभेने कुणाची निंदा होऊ नये, डोळ्यांनी वाईट पाहू नये आणि हाताने कुणावर जुलूम होऊ नये, एवढे सांभाळले तरच दिवसभराची भूक-तहान सार्थकी लागते, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत.

आज गोष्ट सांगायची आहे ती हाताच्या रोजाची. ज्याची गोष्ट आहे तो मुसलमान नव्हता. हिमालयातल्या गढवालचा तो हिंदू शिपाई, आर्य समाजाच्या विचारांनी भारलेला. हातात भरलेली रायफल, समोर निःशस्त्र पठाणांचा जमाव आणि कानावर गोळी झाडण्याचा हुकूम, अशा क्षणी त्याने आपला आणि आपल्या सोबत्यांचा हात आवरला. त्याबद्दल त्याला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याचे नाव चंद्रसिंह भंडारी. जग त्याला वीर चंद्रसिंह गढवाली म्हणून ओळखते. पेशावर आणि गढवाल आपल्यापासून फार दूर, असे वाटेल. पण या गोष्टीचा एक धागा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात येऊन पोचतो. तिथपर्यंत आपण येणारच आहोत.

डोंगरातून फौजेत

चंद्रसिंहांचा जन्म 25 डिसेंबर 1891 रोजी पौडी गढवालमधल्या चौथान पट्टीतल्या एका खेड्यात झाला. डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती, पोटापुरते धान्य आणि पैसा हाती यायचा तर फौजेची नोकरी, असे तिथले जगणे. शिक्षण जेमतेम. गावात सुट्टीवर येणारे शिपाई, त्यांचे बूट, त्यांच्या तोंडच्या परमुलखाच्या कथा हे पाहत-ऐकत तो मुलगा मोठा झाला. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि भरतीचा जोर वाढला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात घरच्यांना न सांगता त्याने लॅन्सडाउनची छावणी गाठली आणि 39 व्या गढवाल रायफल्समध्ये नाव घातले.

पुढच्या वर्षी तो फ्रान्सच्या आघाडीवर होता. थंडी, चिखल, खंदक आणि तोफांचा मारा यांत गढवालची शेकडो पोरे त्या परक्या मातीत राहिली. तिथून परत आल्यावर 1917 साली त्याला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवण्यात आले. साहेबाच्या राज्यासाठी दोन खंडांत लढून तो जिवंत परतला आणि हवालदारही झाला. पण युद्ध संपले तशी सरकारची गरजही संपली. पलटणी मोडल्या, माणसे कमी केली, अनेकांचे हुद्दे काढून घेतले. चंद्रसिंहांनाही हवालदाराचे पुन्हा साधे शिपाई करण्यात आले. ज्या सरकारसाठी जीव धोक्यात घातला त्याने काम होताच पायरी दाखवली, हा अनुभव त्यांच्या मनात खोल रुतून बसला.

नोकरी सोडावी असे तेव्हा त्यांच्या मनात आले होते. पण घर चालवायचे होते. ते राहिले. पुढे वायव्य सरहद्दीवर, वझिरीस्तानच्या डोंगरांत त्यांची पलटण गेली. पठाणांचा मुलूख त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो असा, बंदुकीच्या नळीमागून. दरम्यान आर्य समाजाची पुस्तके आणि वर्तमानपत्रे ते वाचू लागले. देशात गांधीजींच्या नावाचे वारे सुटले होते. 1929 च्या उन्हाळ्यात गांधीजी कुमाऊँच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सुट्टीवर असलेले चंद्रसिंह बागेश्वरच्या सभेला गेले. डोक्यावर फौजी टोपी होती. गांधीजींचे लक्ष त्या टोपीकडे गेले, त्यावरून थोडा विनोद झाला आणि चंद्रसिंहांनी गांधीजींच्या हातून खादीची टोपी मागून घेतली. या टोपीची किंमत आपण चुकती करू, असे वचन त्यांनी त्या वेळी दिल्याची आठवण गढवालात आजही सांगतात. किंमत किती पडणार आहे याची कल्पना तेव्हा ना देणाऱ्याला होती, ना घेणाऱ्याला.

बराकीतले व्याख्यान

1930 साली चंद्रसिंहांची पलटण, 18 व्या रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन, पेशावरच्या छावणीत होती. ते पुन्हा हवालदार झाले होते. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर कायदेभंग पेटला. सरहद्द प्रांतात त्याचे नेतृत्व खान अब्दुल गफार खान यांच्याकडे होते. आदल्या वर्षीच त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली होती. पठाण म्हटला की खांद्यावर बंदूक आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे खुनाचे सूड, अशी ज्यांची ख्याती, त्या माणसांनी अहिंसेची शपथ घेतली होती. विटकरी लाल रंगात बुडवलेले कुर्ते घालून ते शिस्तीत संचलन करत. त्यांच्या हातात शस्त्र नसे. अल्लाहच्या बंद्यांची सेवा हीच अल्लाहची सेवा, ही त्यांची धारणा होती.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना बंदूकधारी पठाण ओळखीचा होता, त्याच्याशी कसे लढायचे ते माहीत होते. हात बांधून समोर उभा राहणारा पठाण त्यांना नवा होता. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. जमाव मुसलमानांचा आहे, तर त्याच्यासमोर हिंदू पलटण उभी करावी. गढवाली पलटण सगळी हिंदू. तिचे बंदूक चालवताना मन कचरणार नाही.

त्यासाठी मनांची मशागतही झाली. पेशावरात मुसलमान फार आहेत, हिंदू मूठभर, त्यांची दुकाने लुटली जातात, त्यांच्या बायाबापड्यांना त्रास होतो, तेव्हा गढवाली जवानांना शहरात जाऊन आपल्या धर्मबांधवांचे रक्षण करावे लागेल, अशा अर्थाचे व्याख्यान एका गोऱ्या अधिकाऱ्याने शिपायांना दिले. अधिकारी गेल्यावर चंद्रसिंहांनी आपल्या माणसांना बाजूला घेतले. हे भांडण हिंदू-मुसलमानांचे नाही, ते सरकार आणि रयतेचे आहे, हे त्यांनी समजावले. परदेशी कापड आणि दारूच्या दुकानांसमोर धरणे धरणारे लोक कुणा हिंदूचे वैरी कसे? उद्या गढवालमध्ये आपले भाऊ असेच बसले आणि त्यांच्यावर गोळ्या घालायला पठाणांची पलटण आणली, तर आपल्याला काय वाटेल? बराकीच्या अंधारात हळू आवाजात ही चर्चा होत राहिली. गोळी झाडायची नाही, हा निर्धार तिथे झाला.

वाचकहो, या प्रसंगापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. ते लोक तुमच्या लोकांना छळतात, हे वाक्य 1930 साली एका अधिकाऱ्याला छावणीत येऊन, उभे राहून सांगावे लागले होते. आज ते आपल्या खिशातल्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येते. हिंदूंच्या मोबाइलवर एका बाजूचे, मुसलमानांच्या मोबाइलवर दुसऱ्या बाजूचे. जेमतेम शिकलेल्या त्या हवालदाराने जे केले ते आपल्यालाही करता येण्याजोगे आहे. ऐकलेल्या गोष्टीची त्याने शहानिशा केली आणि मग चार माणसांना खरे काय ते सांगितले.

किस्साखानी बाजार

पेशावरचा किस्साखानी बाजार म्हणजे किस्से सांगणाऱ्यांचा बाजार. मध्य आशियातून येणारे काफिले इथल्या सरायांत उतरत आणि कहव्याच्या दुकानांत बसून लोक दूरदेशीच्या कथा ऐकत. 23 एप्रिल 1930 चा तो बुधवार. रमजान ईद होऊन दीड-पावणेदोन महिने झाले होते. त्या दिवशी गफार खानांना पेशावरकडे येताना अटक झाली. शहरातले काँग्रेसचे पुढारीही पकडले गेले. उरलेल्या दोघांना नेणारी पोलिसांची लॉरी वाटेत बंद पडली, तेव्हा ते दोघे आपण होऊन चालत काबुली दरवाजाच्या ठाण्याकडे निघाले आणि त्यांच्यामागे हजारोंचा जमाव.

ठाण्यापाशी घोषणा चालू होत्या. एवढ्यात फौजेच्या चिलखती गाड्या भरधाव जमावात घुसल्या आणि माणसे चाकांखाली आली. लोक खवळले. एक गोरा मोटारसायकलस्वार मारला गेला, एक चिलखती गाडी पेटली. मग गोळीबार सुरू झाला. तो थांबून थांबून काही तास चालला. पुढची रांग पडली की मागची माणसे पुढे येत, हे दृश्य पाहणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. मृतांचा सरकारी आकडा लहान होता. लोकांच्या मते शेकडो माणसे गेली. चौकशीसाठी काँग्रेसने विठ्ठलभाई पटेलांची समिती नेमली, तिचा अहवाल सरकारने जप्त केला.

गढवालींचा प्रसंग असा सांगितला जातो. जवान रायफली सरसावून जमावासमोर उभे होते. कॅप्टन रिकेट याने तीन फैरी झाडण्याचा हुकूम दिला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चंद्रसिंहांनी त्याच क्षणी तितक्याच मोठ्या आवाजात गढवालींना गोळीबार थांबवण्याचा हुकूम दिला. रायफलींच्या नळ्या खाली गेल्या. कॅप्टनने जाब विचारला, तेव्हा हे लोक निःशस्त्र आहेत, निःशस्त्रांवर आम्ही गोळी कशी चालवायची, एवढेच उत्तर त्याला मिळाले. मग त्या दिवसाचे रक्तरंजित काम गोऱ्या शिपायांनी केले.

लष्करी दप्तरात जास्त ठळक नोंद आहे ती दुसऱ्या दिवसाची. 24 एप्रिलला पलटणीला पुन्हा शहरात जाण्याचा हुकूम झाला. गाड्या तयार होत्या. जवानांनी गाड्यांत चढायलाच नकार दिला. आम्हाला नोकरीतून मोकळे करा, आम्ही आपल्या निःशस्त्र भावांवर गोळ्या झाडणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडची शस्त्रे काढून घेण्यात आली. भरलेल्या बंदुका हातात असताना या माणसांनी एकाही गोऱ्या अधिकाऱ्यावर ती रोखली नाही. हे बंड विलक्षण आहे ते यासाठी. इथे बंडखोरांनी कुणाचाच जीव घेतला नाही.

सरकार मात्र मुळापासून हादरले. हिंदू शिपाई मुसलमानांवर गोळी चालवत नसेल तर सारा हिशेबच चुकतो. फौज शहरातून मागे घेण्यात आली आणि मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत दहाएक दिवस पेशावर शहर लोकांच्याच हाती राहिले.

काळ्या पाण्याची सजा

पलटणीला अॅबटाबादला हलवले आणि लष्करी न्यायालय बसले. आरोप हुकूम मोडल्याचा, बंडाचा. अशा खटल्यात गोळी घालून मारण्याची शिक्षा होऊ शकत होती. गढवालचे बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी जवानांची बाजू लढवली. चंद्रसिंहांचे प्राण वाचले. जून 1930 मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. मालमत्ता जप्त झाली, सोळा वर्षांची नोकरी आणि तिचे सगळे हक्क पुसले गेले. आणखी सोळा जणांना वेगवेगळ्या मुदतीच्या कैदेच्या शिक्षा झाल्या आणि कित्येकांना नोकरीतून काढून टाकले. फ्रान्सच्या खंदकांत ज्यांनी या सरकारसाठी रक्त सांडले होते, ती माणसे आता सरकारची कैदी झाली.

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येते. पण त्या काळात ही शिक्षा झालेल्या अनेकांना इथल्याच तुरुंगांत ठेवत. चंद्रसिंहांच्या नशिबी समुद्र नव्हता, एकामागून एक तुरुंग होते. 1936 पर्यंत अॅबटाबाद, मग डेरा इस्माईल खान, बरेली, अल्मोडा, लखनौ, अलाहाबादजवळचे नैनी. पायांत बेड्या, दळणाचे काम, एकांतकोठडी. घरी पत्नी भागीरथी. नवरा जिवंत असून नसल्यासारखा आणि गावात सरकारच्या नजरेतून उतरलेले घर. शिपायाच्या घरातली बाई पगाराच्या मनिऑर्डरवर दिवस काढते. इथे मनिऑर्डरही बंद आणि पेन्शनही गेले.

तुरुंगात त्यांची गाठ क्रांतिकारकांशी पडली. सशस्त्र लढ्यातले, समाजवादी विचारांचे तरुण त्यांना तिथे भेटले. वाचन वाढले, राजकारणाची समज वाढली. पुढे ते कम्युनिस्ट पक्षाकडे वळले त्याची बीजे या कोठड्यांत आहेत. पण पेशावरात त्यांनी जे केले त्यासाठी त्यांना कुठल्या पक्षाच्या शिकवणीची गरज पडली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शपथ मोठी की माणूस

आता या गोष्टीतला सर्वांत बोचरा भाग. 5 मार्च 1931 रोजी गांधी-आयर्विन करार झाला. कायदेभंगातले हजारो सत्याग्रही तुरुंगातून सुटले. घरोघरी दिवे लागले. पण करारात एक कलम होते. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिपायांना आणि पोलिसांना ही माफी लागू नव्हती. चंद्रसिंह आणि त्यांचे सोबती आतच राहिले.

इतकेच नव्हे, पुढे एका फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना या गढवालींबद्दल विचारले, तेव्हा गांधीजींनी त्यांचे समर्थन केले नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, जो फौजेत जातो तो हुकूम पाळण्याची शपथ घेतो. त्याला काम पटत नसेल तर त्याने नोकरी सोडावी, पण नोकरीत राहून हुकूम मोडणे म्हणजे वचनभंग. उद्या स्वराज्य आल्यावर आपल्यालाही हीच फौज आणि हेच पोलीस चालवायचे आहेत. प्रत्येक शिपाई आपल्या मर्जीने हुकूम पाळू लागला तर राज्य कसे चालेल?

गांधीजींच्या या मताने तेव्हाही अनेकांना वेदना झाल्या. पण ते उडवून लावण्यासारखे नाही. आज आपल्या कुणाच्या घरातला मुलगा फौजेत असेल, पोलिसात असेल, त्याला या प्रश्नाचे वजन कळेल. हुकूम न मानणारी फौज ही कधीकधी जुलमी राजापेक्षाही भयंकर असू शकते.

इस्लाममध्येही वचनाला फार मोठी किंमत आहे. दिलेला शब्द ही अमानत मानली जाते आणि तिच्याबद्दल कयामतच्या दिवशी विचारणा होणार आहे. पण त्याच शिकवणीने आज्ञापालनाची हद्दही आखून दिली आहे. निर्माणकर्त्याची अवज्ञा होत असेल तिथे माणसाची आज्ञा पाळायची नाही. एका निरपराधाचा जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणे आणि एकाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण लहानपणापासून आमच्या कानावर असते. या तराजूत घातले तर चंद्रसिंहांनी मोडली ती इंग्रज राजाची शपथ. माणसाने माणसाला जन्मतः बांधलेला जो करार असतो, तो त्यांनी पाळला.

शिवाय त्यांनी दुसऱ्या दिवशी नोकरीतून मुक्तीच मागितली होती आणि शस्त्रे खाली ठेवली होती. शिक्षा टाळण्यासाठी ते पळाले नाहीत. हुकूम मोडला, मोडल्याचे कबूल केले आणि जी सजा मिळाली ती भोगली. सत्याग्रहाची व्याख्या याहून वेगळी कोणती? गांधीजींचा शिष्य गांधीजींच्याही एक पाऊल पुढे गेला होता आणि गुरूला ते त्या वेळी मान्य झाले नाही, असे मला वाटते. वाचकांचे मत वेगळे असू शकते.

वर्ध्यातले दोन पाहुणे

आता तो धागा, ज्याचा मी सुरुवातीला उल्लेख केला. आपल्या तालुक्यातून सेवाग्रामच्या दवाखान्यात जाणारी माणसे रोज असतात. करंजीला हमरस्ता गाठायचा, वडकीवरून, वर्धा नदीचा पूल ओलांडून हिंगणघाट, तिथून वर्धा आणि सेवाग्राम. पेशंटला दाखवून झाले की कुणी बापूकुटी पाहून येतात. त्या परिसराशी पेशावरच्या त्या बुधवारचे दोन्ही बाजूंचे नाते आहे.

1934 साली खान अब्दुल गफार खान तुरुंगातून सुटले, पण पंजाब आणि सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला त्यांना बंदी होती. स्वतःच्या मुलखात परतता न येणाऱ्या त्या सहा फुटांहून उंच पठाणाला जमनालाल बजाजांनी वर्ध्यात बोलावून घेतले. काही महिने ते वर्ध्यात राहिले आणि डिसेंबरात पोलिसांनी त्यांना इथूनच पुन्हा पकडून नेले.

चंद्रसिंह 26 सप्टेंबर 1941 रोजी सुटले. अकरा वर्षे झाली होती. वय पन्नाशीला टेकले होते. सुटका झाली, पण त्यांनाही गढवालमध्ये जायला बंदी होती. काही दिवस ते अलाहाबादला नेहरूंच्या आनंद भवनात राहिले आणि मग आले आपल्या वर्ध्याला, गांधीजींच्या आश्रमात. ज्या महात्म्याने त्यांच्या कृतीला वचनभंग म्हटले होते, ज्यांच्या करारातून त्यांचे नाव वगळले गेले होते, त्यांच्याच अंगणात ते पाहुणे म्हणून राहिले. मनात राग नसेल असे नाही. पण तो घेऊन दारात उभे राहायचे नाही, एवढे मन त्यांनी मोठे केले. गांधीजींनीही त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. सब्र, म्हणजे नुसते सोसणे नाही तर सोसूनही कडवट न होणे, याचा याहून चांगला दाखला शोधायला मला दूर जावे लागत नाही.

ज्या जमावावर बंदुका रोखल्या गेल्या त्याचा नेता आणि ज्याने त्या बंदुका खाली करायला लावल्या तो हवालदार, एक मुसलमान, एक हिंदू, दोघांनाही सरकारने घरबंदी केली. आणि काही वर्षांच्या अंतराने दोघांनाही आसरा मिळाला तो कापूस आणि तूर पिकवणाऱ्या आपल्या या मातीत. विदर्भाच्या माणसाने अभिमान धरावा अशी ही गोष्ट आहे. दुर्दैवाने ती आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी भेटत नाही.

घराची वाट

1942 चे छोडो भारत आंदोलन सुरू झाले तेव्हा चंद्रसिंह अलाहाबादकडे गेले, त्यात उतरले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पकडले गेले. सुटले ते 1945 मध्ये. गढवालची बंदी कायम होती. अखेर डिसेंबर 1946 मध्ये, सोळा वर्षांनी, त्यांना आपल्या डोंगरात पाऊल ठेवता आले.

या मधल्या काळात त्यांनी पेरलेले उगवत होते. त्यांचीच बटालियन दुसऱ्या महायुद्धात मलायाच्या आघाडीवर होती. सिंगापूर पडल्यावर तिच्यातले अनेक जवान नेताजींच्या आझाद हिंद सेनेत सामील झाले. 1946 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी उठाव केला. हिंदी शिपायाच्या भरवशावर आता राज्य चालवता येणार नाही, हे इंग्रजांना कळून चुकले, त्याची पहिली सूचना पेशावरात मिळाली होती.

स्वातंत्र्यानंतर चंद्रसिंहांना आराम मिळायला हवा होता. तो त्यांना मिळाला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. जानेवारी 1948 मध्ये टिहरी संस्थानातल्या कीर्तिनगरला नागेंद्र सकलानी आणि मोलू भरदारी हे दोन आंदोलक गोळीला बळी पडले, तेव्हा त्यांची पार्थिवे घेऊन टिहरीकडे निघालेल्या लोकांच्या पुढे चंद्रसिंह होते. त्याच वर्षी कम्युनिस्ट म्हणून स्वतंत्र भारताच्या सरकारनेही त्यांना तुरुंगात टाकले. 1957 साली ते निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. डोंगरातले रस्ते, पिण्याचे पाणी, दारूबंदी यांसाठी म्हातारपणीही ते झगडत राहिले. राहुल सांकृत्यायन यांच्यासारख्या थोर लेखकाने त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून त्यांच्या आयुष्याचा बराच तपशील शिल्लक राहिला. 1 ऑक्टोबर 1979 रोजी वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दूधातोलीच्या देवदारांच्या जंगलात, जिथे त्यांचा जीव रमायचा, तिथे त्यांची समाधी आहे. पुढे टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. गढवालमधल्या श्रीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. ज्याने माणसे मारायला नकार दिला त्याच्या नावाने माणसे वाचवणारे रुग्णालय उभे राहावे, हे योग्यच झाले.

पेशावरात त्या दिवशी जे पठाण वाचले त्यांना चंद्रसिंहांची परतफेड करता आली नाही. बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. फाळणीनंतर तर तो बाजारच परदेशात गेला. उपकार करताना मोबदल्याची आशा ठेवू नये असे आम्ही रमजानभर ऐकतो, जकात देताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे म्हणतो. इथे एका माणसाने आयुष्याची अकरा वर्षे देऊन टाकली आणि घेणाऱ्याला देणारा कोण ते कळलेसुद्धा नाही.

इफ्तारच्या आधीची काही मिनिटे दुआ कबूल होण्याची मानली जातात. ताटात खजूर, फळे, सरबत मांडलेले असते, घशाला कोरड पडलेली असते, तरी अजान होईपर्यंत हात पुढे जात नाही. समोर असूनही, कुणी अडवत नसूनही तो थांबतो. लहान मुलांना रोजा समजावून सांगताना मी त्यांना ते थांबलेले हात दाखवतो. यंदा त्याच वेळी त्यांना गढवालच्या या हवालदाराची गोष्टही सांगणार आहे. आणि या महिन्यात आपल्यापैकी कुणी सेवाग्रामला गेले, तर आश्रमातल्या पिंपळाखाली क्षणभर बसून त्यांची आठवण काढावी, मग तुमची प्रार्थना कोणत्याही भाषेतली असो.